ढवळ्याला फक्त मराठी कळायचं

मला लिहायचंय ते रुचाविषयी. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर वाटेत तिचा बाप आडवा येतो, आणि परीक्षित देवस्थळी हा माणूस एकदा आडवा आला की त्याला वळसा घालता येत नाही. तेव्हा आधी त्याला उरकतो.

परीक्षित कोथरूडचा. गाय त्याने पाहिली ती रस्त्याच्या मधोमध बसलेली, आणि तीही रिक्षातून. शिकागोजवळ नेपरव्हिलला तो आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि दारातला बर्फ काढायला माणूस लावायचा. लॉकडाउनमध्ये आम्ही बाकीच्यांनी घरी पाव भाजून पाहिले. ह्याने जमीन पाहिली. एके दिवशी येऊन म्हणाला, "यार, पाच एकर घेतले. घर आहे, गोठा आहे, विहीर आहे."

"विहिरीला पाणी आहे का?"

"विहीर म्हटल्यावर असणारच की!"

एवढा त्याचा शेतीचा अभ्यास. नेपरव्हिलचं घर विकून, बायको-मुलीला घेऊन तो दीड तास पश्चिमेला राहायला गेला. तिथे नजर पोचेल तिथपर्यंत मका, आणि मका संपला की सोयाबीन. गावाचं नाव मी सांगणार नाही. वस्ती नऊशे, आणि पुढे सांगतो त्या उन्हाळ्यापासून त्यातले निम्मे मला चेहऱ्याने ओळखतात. पहिल्याच आठवड्यात परीक्षितने खांद्यावरून पट्टे जाणारी डेनिमची विजार विकत घेतली. अख्ख्या गावात ती घालणारा तो एकटाच होता.

त्याची बायको नेत्रा मूळची नागपूरची, जवळच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला. त्या घरात शहाणपणाचं खातं तिच्याकडे. आणि रुचा तेव्हा अकरा वर्षांची. बारीक, चष्मा, एक वेणी, आणि बोलणं जेवढ्यास तेवढं. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची नाही. रविवारच्या मराठी शाळेत तिला दोन वर्षं घातली, तिथून ती 'कमळ' हा एक शब्द घेऊन बाहेर पडली. मी विचारायचो, "काय रुचाताई, कशा आहात?" उत्तर यायचं, "गुड, काका." ह्या लिखाणात ती जे जे बोलेल ते मी मराठीत लिहिणार आहे, पण ती ते इंग्रजीत बोलली असं समजायचं. जिथे ती मराठीत बोलली तिथे मी तसं सांगेन. तशा जागा फार नाहीत.

शेजारी ओल्सनबाई. वय त्र्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, चाळीस गाई. बाई एक वाक्य बोलल्या की पुढच्या वाक्यासाठी हवामान बदलायची वाट बघावी लागे. परीक्षितसारख्या बडबड्याला त्यांनी कसं सहन केलं कोण जाणे. पण रुचाचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. दोघींनाही फार बोलायचं नव्हतं. शाळा सुटली की पोर त्यांच्या गोठ्यात.

तिथल्या खेड्यांत मुलांचा एक क्लब असतो. मुलाने एक जनावर घ्यायचं, वर्षभर स्वतः सांभाळायचं, त्याचं खाणंपिणं, वजन, आजारपण वहीत लिहायचं, आणि उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत ते मिरवायचं. परीक्षक जनावर बघतात, पोराने त्याला कसं वाढवलंय ते बघतात, रिबन देतात. रुचा तेरा वर्षांची झाली त्या ऑक्टोबरात ओल्सनबाईंनी तिला आपल्याकडचा एक गोऱ्हा दिला. सात महिन्यांचा, कोळशासारखा काळा, ओल्या नाकाचा. परीक्षितने तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं : ढवळ्या.

"अरे, ढवळ्या म्हणजे पांढरा!" नेत्रा म्हणाली.

"माहितीये. पण बैलाचं नाव ढवळ्याच असतं."

ओल्सनबाई एवढंच म्हणाल्या, "नाव ठेवू नका."

आम्हाला वाटलं, असेल त्यांच्याकडची काही समजूत. आपल्याकडे नाही का बाळाला 'गोड दिसतंय' म्हटलं की कोणीतरी काजळाची तीट शोधायला धावतं, तसं.

क्लबचा फॉर्म चार पानांचा होता. परीक्षितने आयुष्यभर लोकांच्या कॉम्प्युटरवर लांबलचक अटी आणि खाली 'मान्य आहे' असं बटण बसवायचं काम केलं. अटी कोणी वाचत नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याने चौथ्या पानावर सही केली. वाचलं नाही.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की ह्या गटातली जनावरं जत्रेनंतर घरी जात नाहीत. रिबन लागो न लागो, शनिवारी लिलाव होतो आणि संध्याकाळी ती सगळी ट्रकमध्ये चढतात. ट्रक जातो कत्तलखान्याला. पिढ्यानपिढ्या ते गाव तसंच चालत आलंय. पोरं रडतात, आणि ऑक्टोबरात पुन्हा वासरू घ्यायला येतात. तिथलं बालपण बहुतेक असंच कुठल्यातरी शनिवारी संपतं.

हे परीक्षितला माहीत नव्हतं. नेत्राला माहीत नव्हतं, मला नव्हतं. रुचाला क्लबच्या डिसेंबरच्या बैठकीत कळलं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने सहज सांगितलं. रुचा सायकल मारत सरळ ओल्सनबाईंकडे गेली आणि खरं का म्हणून विचारलं.

"खरं," बाई म्हणाल्या. "अजून वेळ आहे. सोडून दे हवं तर. मी परत घेते त्याला."

"मग तुम्ही त्याला ठेवाल?"

"नाही. माझेही तिकडेच जातात."

रुचा म्हणाली, "मग माझ्याकडेच राहू दे. तोवर."

हे बाईंनी मला नंतर सांगितलं. घरी जाऊन ती सांगणार होती. सांगितलंही असतं. पण जानेवारीत परीक्षितची नोकरी गेली.

कंपनीने एका सकाळी साडेआठ वाजता त्याला आणि आणखी चारशे लोकांना एकच ईमेल पाठवली. नंतर दोन महिने हा माणूस, ज्याच्या घशाला मी कधी विश्रांती पाहिली नव्हती, सोफ्यावर पांघरूण घेऊन पडून असायचा. मी फोन केला की म्हणायचा, "चाललंय." नेत्रा पहाटे कामाला जायची. घरात हा आणि बाहेर उणे वीस तापमान. त्याला उठवणारी एकच गोष्ट होती. सकाळी सहाला गोठ्यातून ढवळ्या हंबरायचा. रुचाला साडेसहाची स्कूल बस गाठायची असायची, म्हणून पाण्याच्या टाकीतला बर्फ फोडायचं काम बापाकडे. आधी तो नुसता बर्फ फोडून परत यायचा. मग तिथेच अर्धा तास थांबायला लागला. मग एक दिवस त्याने मला आपणहून फोन केला आणि वीस मिनिटं ढवळ्याच्या शेणाविषयी बोलला. मी फोन ठेवला आणि चारुताला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, "परीक्षित बरा झाला."

हे सगळं रुचा बघत होती. तिने तोंड उघडलं नाही.

वसंत ऋतू आला तेव्हा ढवळ्या कपाटाएवढा झाला होता. आठवड्यातून तीनदा त्याला शाम्पू, मग ड्रायर, मग ब्रश. आमच्या मंडळातल्या एकाही बाईच्या केसांची एवढी उस्तवार होत नसेल. त्याला तोंडावर हॉल्टर, म्हणजे दोरीची म्होरकी, अडकवून चालवायला शिकवणं हे मुख्य काम. आणि इथे एक नवल घडलं. रुचा त्याच्याशी मराठीत बोलायला लागली.

शोध नेत्राला लागला. गोठ्यामागे तिने दोरी बांधून घेतली होती, कारण नागपूरच्या माणसाला मशीनमधून निघालेला कपडा वाळला असं वाटतच नाही. एका संध्याकाळी ती तिथे चादरी वाळत घालत होती आणि आतून आवाज आला : "चल. हं. थांब. शहाणा माझा. आता चल. अरे, असं काय करतो, राजा!"

नेत्राच्या हातातला चिमटा खाली पडला. ही सगळी तिचीच वाक्यं होती. रुचा दोन-तीन वर्षांची असताना तिला भरवताना, चालवताना नेत्रा म्हणायची ती. पोरीने ती कुठे जपून ठेवली होती देव जाणे. त्या दिवसापासून देवस्थळींच्या घरी कपडे फारच धुतले जायला लागले. नेत्रा रोज संध्याकाळी गोठ्यामागे उभी राहायची, हातात ओला टॉवेल घेऊन, आणि लेकीचं मराठी ऐकायची. आत कधी गेली नाही. "मी गेले की बंद होईल गं," असं चारुताला म्हणाली.

अंधार पडायच्या आत ढवळ्याला कुरणातून गोठ्यात आणायची एक हाक होती : "चल घरी." हे दोन शब्द ऐकले की तो कुठेही असो, मान खाली घालून निघायचा. बाकी कोणी काही म्हणो. परीक्षित इंग्रजीत ओरडायचा, ओल्सनबाई जीभ टाळूला लावून टक् टक् करायच्या, तो ढिम्म. ढवळ्याला फक्त मराठी कळायचं.

आणि बरा झालेल्या परीक्षितला पोळ्याची कल्पना सुचली. जत्रा जुलैच्या शेवटी, पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीला. जत्रेहून परत आला की ढवळ्याचा पोळा करायचा! इलिनॉयमधला पहिला खराखुरा बैल असलेला पोळा! चाळीस घरांना आमंत्रण गेलं. व्हॉट्सॲपवर आठवडाभर रणधुमाळी माजली. झूल कोण शिवणार, पुरणपोळ्या किती, ढोल आणायचा का. मग कोणीतरी फोटो नीट बघून विचारलं, "शिंगं कुठायत?" ह्या जातीला शिंगंच नसतात. शिंगांना रंग लावायचा तर कुठे? आमच्या ढोलपथकाचा विनय, जो शॉमबर्गला एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे, त्याने पुठ्ठ्याची शिंगं करून इलॅस्टिकने बांधायचा प्रस्ताव मांडला आणि तो सतरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला. शिंगांचा रंग ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी हिंगूळ म्हटलं, लालभडक.

आमंत्रणावरचं चित्र परीक्षितने रुचाला काढायला सांगितलं. तिने काढलं. गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल, कपाळाला कुंकू लावलेला ढवळ्या. डोळे अगदी त्याचेच. अजून माझ्या फोनमध्ये आहे.

"कसं झालंय?" तिने बापाला विचारलं.

"एक नंबर! पोळ्याला मोठं करून फाटकावर लावू."

"ओके, बाबा," ती म्हणाली.

जत्रेचा शुक्रवार उजाडला. ढवळ्याला चौथ्या नंबराची रिबन मिळाली, आणि परीक्षितने ती अशी फडकवली की पहिल्या नंबरवाल्याने येऊन ह्याचं अभिनंदन केलं. त्या आनंदात त्याने शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, "उद्या ह्यांना घरी किती वाजता न्यायचं?"

शेतकरी आधी हसला. मग परीक्षितच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

मला फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "यार, विकतायत त्याला."

"कोणाला?"

"ढवळ्याला. कापायला. उद्या. यार, मी सही केलीये."

मागून रुचाचा आवाज येत होता. ती म्हणत होती, "बाबा, मला माहीत होतं. बाबा, ऐक ना." पण तो माझ्याशी बोलत होता. आणि मी, ज्याने त्या क्षणी म्हणायला हवं होतं की फोन ठेव आणि ती काय म्हणतेय ते ऐक, मी म्हणालो, "लिलाव आहे ना? मग आपणच घेऊ!"

एवढी सोपी गोष्ट! मी स्वतःवर खूश झालो. तासाभरात दहा-बारा घरांनी होकार दिला. एरवी गणपतीच्या वर्गणीला ज्यांच्या मागे महिनाभर लागावं लागतं, त्यांनीसुद्धा. शनिवारी दुपारी आमच्या चार गाड्या जत्रेच्या मैदानात शिरल्या. विनयने ढोल आणला होता. कोणीतरी पुठ्ठ्याची शिंगंही आणली होती, वाटेत वेळ मिळाला म्हणून हिंगूळ लावलेली.

आता एक कबुली. लिलावाला वेळ होता. मैदानात बर्गरच्या गाडीसमोर रांग होती, आणि त्या रांगेत आमच्यातले दोघे होते. त्यातला एक मी. सवयीने. पैसे देताना मागच्या तंबूतून जनावरांचं हंबरणं ऐकू आलं, तेव्हा कुठे हातातल्या कागदी पुडीकडे लक्ष गेलं. मी ती कचऱ्याच्या पिंपात टाकली आणि चारुताला सांगितलं की रांग फार होती.

रुचाने त्या शनिवारची तयारी डिसेंबरपासून केली होती. ओल्सनबाईंनी तिला सांगितलं होतं : लिलाव झाला की त्याला त्याच्या जागेवर ने. ब्रश कर. हॉल्टर काढ. मानेवर हात ठेव. वळ. मागे बघायचं नाही. ट्रक यायच्या आत मी तुला घरी नेते. बाईंनी स्वतः वयाच्या अकराव्या वर्षी हेच केलं होतं. रुचाने हे मनात इतक्यांदा केलं होतं की ते तिला जमणार होतं. तिला फक्त आम्ही मध्ये यायला नको होतो.

लिलाव पुकारणारा माणूस, भटजी तोंडपाठ मंत्रपुष्पांजली म्हणतो त्या वेगाने बोलत होता. रुचा ढवळ्याला घेऊन रिंगणात आली. पांढरा शर्ट, वेणी घट्ट, नजर जमिनीवर. मी हात वर केला. समोर एक बियाणांचा व्यापारी बोली लावत होता. आम्ही बोललो, तो बोलला, आम्ही बोललो. चौथ्यांदा त्याने आमच्या घोळक्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि मान लववून थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीच्या पाठीशी एवढी माणसं उभी राहिली म्हणून त्यांना आमचं कौतुक वाटलं होतं. विनयने ढोलावर थाप मारली, आणि परीक्षित कठड्यावरून अर्धा आत वाकून ओरडला, "रुचा! आपण घेतला! घेतला त्याला!"

रुचाने वर पाहिलं.

तो चेहरा मला विसरता येत नाही. आठ महिने आवळून धरलेली मूठ सुटावी तसा तो एकदम सुटला. ती तेरा वर्षांची पोर त्या क्षणी सहा वर्षांची दिसायला लागली.

"घरी?" तिने विचारलं. मराठीत. "घरी न्यायचा?"

"घरी!" आम्ही सगळे ओरडलो. मी सगळ्यात मोठ्याने.

पुढची वीस मिनिटं तिची फार चांगली गेली. तिने ढवळ्याच्या गळ्याला मिठी मारली. विनयच्या हातातून ती भयंकर शिंगं घेऊन त्याच्या डोक्याला बांधली, आणि हसली. मावश्या-काकूंनी फोटो काढले. एका काकूंना तिने चक्क मराठीत सांगितलं, "त्याला इथे खाजवा, हनुवटीखाली. त्याला आवडतं." नेत्रा तिथेच उभी होती. ह्या वेळी तिला भिंतीमागे लपावं लागलं नाही.

परीक्षित आणि मी टेबलाशी कागद करायला गेलो. टेबलामागे गुलाबी टोपीची एक प्रेमळ बाई होती. तिने आमचं अभिनंदन केलं आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीवर चार चौकोन होते. पहिले तीन आसपासच्या तीन कसायांच्या नावांचे. चौथा, मांस गरिबांच्या अन्नछत्राला द्यायचं असेल तर.

"ह्यातलं काही नको," परीक्षित म्हणाला. "आम्ही त्याला घरी नेणार."

बाईला वाटलं तो गंमत करतोय. मग तिने समजावलं. रिंगणात आलेलं जनावर मैदानाबाहेर फक्त ट्रकमधूनच जातं. विकत कोणीही घेवो. लिलाव होतो तो मुलांच्या कष्टांना शाबासकी म्हणून आणि मांस कुठे जाणार ते ठरवायला. जनावर परत न्यायचा चौकोनच नव्हता.

परीक्षित भांडला. मी भांडलो. विनय बँकेतल्या आवाजात भांडला. कमिटीचा म्हातारा अध्यक्ष आला, त्याने शांतपणे फाइल उघडली, तिसरं पान दाखवलं आणि चौथ्या पानावरची सही. "सर, ह्यावर्षी अडतीस मुलं आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या एकीला हो म्हटलं, तर बाकीच्या सदतिसांना मी काय सांगू?"

परीक्षितने पेन माझ्याकडे सरकवलं, आणि चौथ्या चौकोनात खूण मी केली.

आता हे रुचाला सांगायचं कोणी? आम्ही दहा-बारा कर्ती माणसं, दोन व्हाइस प्रेसिडेंट, एक हृदयरोगतज्ज्ञ. एकजणही पुढे झाला नाही. ओल्सनबाई गेल्या. आम्ही लांबून पाहिलं. बाई काहीतरी म्हणाल्या, एकच वाक्य. रुचाने मान हलवली. मग तिने ढवळ्याच्या डोक्यावरची शिंगं सोडली, इलॅस्टिक नीट गुंडाळलं, आणि ती विनयला आणून दिली. "थँक यू, काका," म्हणाली.

तिने ब्रश घेतला. पण आता वेळ उरला नव्हता. आमच्या भांडणात तास गेला होता आणि ट्रक मागे येऊन लागला होता. एकेक जनावर फळीवरून वर चढत होतं. ढवळ्याची पाळी आली. दोन दणकट माणसं त्याला धरून फळीपाशी घेऊन गेली आणि तो थांबला. त्यांनी ओढलं. ढकललं. शीळ घातली, ओरडले, पाठीवर थापा मारल्या. ढवळ्या ढिम्म. मागे सगळी रांग खोळंबली. त्यातल्या एकाने काठी उचलली.

"थांबा," रुचा म्हणाली. "तुमचं त्याला कळत नाही."

ती पुढे गेली. आमच्याकडे पाहिलं नाही. दोरी हातात घेतली आणि फळीवर त्याच्या पुढे उभी राहिली.

"चल," ती म्हणाली. तो हलला नाही. फळीचा वास घेत राहिला.

"चल, राजा. शहाणा ना?"

त्याने कान हलवले. पाय उचलला नाही.

तिने हातातली दोरी सैल सोडली. मग हळू, रोजच्या आवाजात म्हणाली, "चल घरी."

ढवळ्याने मान खाली घातली आणि तिच्या मागून वर चढला.

घरी जाताना रुचा ओल्सनबाईंच्या गाडीत बसली. मांडीवर हॉल्टर. आमच्या चार गाड्या परत नेपरव्हिलला निघाल्या. ढोल आमच्या गाडीत मागे होता. खड्डा आला की आपोआप वाजायचा.

रात्रीच्या जेवणाला परीक्षितने तिला विचारलं, "तुला डिसेंबरपासून माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू उठत होतास, बाबा," ती म्हणाली. "सकाळी."

परीक्षितने ताट बाजूला सारलं. हे मला त्यानेच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी. त्याला आता नोकरी आहे. पट्ट्यांची विजार मात्र पुन्हा कधी दिसली नाही. पोळा रद्द झाल्याचा मेसेज ग्रुपवर मी टाकला. खाली चाळीस जणांनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

ऑक्टोबरात मी आणि चारुता त्यांच्याकडे गेलो. जाताना मला धाकधूक होती की रुचा माझ्याशी बोलेल की नाही. पण ती नेहमीसारखीच म्हणाली, "हाय, काका." उंच झाली होती. म्हणाली, "या, नवीन दाखवते." मला वाटलं, फोन असेल.

गोठ्यात एक गोऱ्हा होता. तांबूस, पांढऱ्या तोंडाचा, सात-आठ महिन्यांचा. कानात पिवळा बिल्ला.

"रुचा, पुन्हा?"

"मला काम येतं हे," ती म्हणाली. "ओल्सनबाई म्हणाल्या, माझा हात चांगला आहे."

"नाव काय ह्याचं?"

"बिल्ल्यावर नंबर आहे."

तिने हॉल्टर अडकवला आणि त्याला अंगणात काढला. "वॉक ऑन," ती म्हणाली. गोऱ्हा चालला. "वोऽ." थांबला. "ईझी. गुड बॉय. वॉक ऑन." आवाज शांत, शब्द मोजके, दोरी सैल. तीन आठवड्यांत तिने त्याला जेवढं शिकवलं होतं, तेवढं यायला ढवळ्याला चार महिने लागले होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मराठी नाही शिकवत ह्याला?"

"नाही." तिने त्याच्या पाठीवरचं गवताचं पातं काढलं. "ह्याला कोणीही चढवू शकेल, काका. मला बोलवावं लागणार नाही."

मी काहीतरी विनोद करणार होतो. मला तेवढंच येतं. त्याऐवजी बिल्ल्यावरचा नंबर वाचला.

गोठ्याला वळसा घालून मी मागच्या दाराने घरात निघालो, तर दोरीपाशी नेत्रा. हातात ओली चादर, मान किंचित कलती, कान भिंतीकडे. आतून आवाज आला, "वॉक ऑन." नेत्राने आणखी थोडी वाट पाहिली. मग चादर दोरीवर टाकली, दोन्ही टोकं ओढून सारखी केली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.